दोन वाजता, धक्क्यावर

"अकरा वाजता," ती कुजबुजली, आणि शेजारच्या फोटोवाल्यानं चक्क मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"आत्ता तर सातच वाजलेत," तो म्हणाला.

हसू दाबता दाबता तिच्या नाकी नऊ आले. ते दोघं बसले होते तळ्याकाठच्या लाकडी लपणात, आणि तिथं पक्षी बुजतील म्हणून मोठ्यानं हसायची सोय नव्हती. तिनं त्याची भलीथोरली लेन्स धरून जराशी डावीकडे वळवली. "समोर म्हणजे बारा. अकरा म्हणजे हे... इथं. दिसला शेकाट्या?"

लांब गुलाबी पायांचा तो पक्षी चिखलात अंड्यांवर बसला होता. फोटोवाला मात्र तिच्याकडेच बघत होता.

ती अभयारण्यात गाइड होती. लपणाबाहेर पडली की तोंडाचा पट्टा असा सुरू व्हायचा, की वहिनीनं तिचं नावच टिटवी ठेवलं होतं. उन्हाळा लागल्यापासून तो रोज पहाटे येऊन तिच्या शेजारी बसायचा आणि ती घड्याळाच्या काट्यांवर त्याला पक्षी दाखवायची. तळ्याचं पाणी हटत गेलं, अंड्यांतून पिल्लं आली, आणि टिटवीचा जीव... काय सांगायचं, पार अडकला की हो. साऱ्या जगाशी बडबडणारी ही बया, पण त्याच्यासमोर कामाचं सोडून एक शब्द तोंडातून फुटत नव्हता.

"उद्याची गाडी आहे," एका सकाळी तो हळूच म्हणाला. "काम संपलं इथलं."

आज नाही सांगितलं तर कधीच नाही. पण लपणात आणखी दोन पाहुणे दुर्बिणी लावून बसलेले. दुपारी मात्र जुन्या धक्क्यावर चिटपाखरू नसतं... ती त्याच्या कानाशी वाकली. "दोन वाजता. धक्क्यावर."

त्यानं मान डोलावली आणि लगेच लेन्स उजवीकडे, धक्क्याकडे फिरवली. जागा बघून ठेवतोय, तिला वाटलं.

दुपारी ती निळा कुडता घालून धक्क्यावर जाऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. बाटलीतलं पाणी संपलं, तरी तो आला नाही. येत नाही एवढं सांगायला काय झालं होतं मेल्याला? तिनं डोळे पुसले, काजळ नीट केलं, पुन्हा पुसले.

उन्हं कलली तेव्हा तो आला. लपणाकडून आला, डोळे लालभडक, खांद्यावर कॅमेरा.

"सकाळपासून या धक्क्यावर लेन्स रोखून बसलोय," तो वैतागून म्हणाला. "दोन वाजता म्हणालात ना? कसला पक्षी होता हो? आणि दुपारी तुम्हीच येऊन बसलात. मग कसा यायचा तो?"

रडावं की हसावं, तिला कळेना. "मग उठवायचं मला."

"निघालो होतो. पण तुम्ही सारख्या वाटेकडे बघत होता... डोळे पुसत होता. मला लेन्सवरून डोळा काढवेना." तो घुटमळला. "कुणाची वाट बघत होता एवढी?"

"तुमची," ती म्हणाली. "अहो, घड्याळातले दोन. जायच्या आधी सांगायचं होतं, की मला तुम्ही आवडता. फार आवडता."

तो मटकन तिच्या शेजारी बसला. "आणि मी दुपारभर जळत होतो. म्हटलं, कोण हा नशीबवान."

त्यानं हळूच तिचा हात हातात घेतला. मग तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतो."

"तळं आटलेलं असेल. एक पक्षी नसेल इथं. कशाचे फोटो काढणार?"

"कॅमेरा आणणारच नाही."

"म्हणायला काय जातं..." ती म्हणाली, पण त्यानं धरलेला हात तिनं सोडवून घेतला नाही.

सकाळी बांधावरून गाडी निघाली. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खिडकीतला तो अगदी जवळ आला. तो हात हलवत होता. तिचाही हात नकळत पुढे गेला... समोर नुसती हवा होती. दुर्बीण खाली घेतली, तर गाडी केव्हाच बांधाच्या टोकाला पोचली होती.