कंच्या बाजूला?

"आता एसटीत बसायला बी आडनाव लागतंय म्हणा की!"

अगदी कानाशी कुणीतरी पुटपुटलं, म्हणून देवश्रीनं मान वळवली. दांडीला धरून एक उंच पोरगा उभा होता. पुढच्या सीटवरच्या काकांनी त्याला "पूर्ण नाव काय?" असं विचारलं होतं आणि ऐकल्यावर पिशवी मांडीवर घ्यायची सोडून शेजारी नीट पसरून ठेवली होती.

तिनं हसू दाबलं, तर ते नाकातून निघालं.

"हसा की. हसण्यावर अजून मोर्चा निघालेला न्हाय."

कळंब येईपर्यंत कळलं, की हा शिवराज. लग्नात, मेळाव्यात माईकवर लोकांना हसवतो. ती कळंबच्या शाळेत शिकवायची, शेजारच्या वाशीहून रोज याच गाडीनं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर.

"आज काय काम काढलंत?"

"काम न्हाय... गाडी लई आवडली."

"गाडी?"

"सध्या गाडीच म्हणू. वातावरण बरं न्हाय."

वातावरण! त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी हाच शब्द. आरक्षणावरून एका बाजूचं उपोषण, दुसऱ्या बाजूचा मोर्चा. शेजारी शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी चढेना. देवश्री एका बाजूची, शिवराज दुसऱ्या बाजूचा. पण कशाची बाजू, ते कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. पडसं झाल्यासारखं सगळे म्हणायचे, वातावरण बरं नाही.

शिवराजनं मात्र त्यावर एक नक्कल बसवली होती. स्टँडसमोर दोन टपऱ्या, एक यांची, एक त्यांची. एका गड्याला चहाची तल्लफ येते. इकडं प्यावा तर ते रागावतील, तिकडं प्यावा तर हे. मग तो दोन्हीकडून अर्धा अर्धा घेऊन रस्त्याच्या मधोमध फुर्रकन पीत उभा राहतो. मागून एसटी येते. ड्रायव्हर ओरडतो, "बाजूला हो!" गडी वळून विचारतो, "कंच्या बाजूला?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा देवश्री डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि तिथंच फसली. बाईमाणसाचं असंच असतं. रुसवा आवरता येतो, हसू आवरत नाही.

घरी तिचे वडील, अप्पा, मात्र या लग्नाचं ऐकेनात. शेवटी ती म्हणाली, "एकदा त्याला ऐका, अप्पा. मग न्हाय म्हणा."

अप्पा तयार झाले, हे तिनं गाडीतच त्याला सांगितलं. "गणपतीत येतेत तुमच्या गावाला. चहाचंच करा."

"तुमच्या अप्पांना हसवलं न्हाय, तर नाव बदलीन."

"माझं बदललं तरी चालंल..." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. नंतर वाशीपर्यंत फक्त कोपराला कोपर लागत होतं, आणि कुणीच सरकत नव्हतं.

मांडवात अप्पा पुढच्या रांगेत बसले, इस्त्रीचा सदरा घालून. शिवराजनं चहा काढला... पण टपरी एकच! देवश्रीच्या बाजूची. तिथला म्हातारा, त्याचं फुकटचं मागणं, त्याचं बशीतलं फुर्र. मांडव हसून लोटपोट. रस्त्यातला गडी आलाच नाही, एसटीही आली नाही.

अप्पा उठले. सदरा झटकला. "आवाज चांगलाय पोराचा," एवढंच म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

शिवराज मांडवामागं धावत आला. "मंडळाचे हिंमतरावकाका ऐन वेळी म्हणले, आपली बाजू गाळ. माणसं आपली, मंडळ आपलं... देवश्री, वातावरणच असं—"

"एसटीतल्या काकांची पिशवी परवडली," ती म्हणाली. "त्यांनी निदान तोंडावर विचारलं."

"मी दोन्हीकडचं करणारच होतो."

"मग?"

आतून पुढच्या नकलेचा हशा आला.

"मी सांगते. वातावरण न्हाय, जात. माझ्या जातीला हसून तू तुझ्या जातीत राहिलास, शिवराज." पहिल्यांदाच ती त्याला एकेरी बोलत होती. "अन् तू मला आवडतोस. अजून. तेवढंच लई वाईट झालं."