काचघरातला करपलेला जव

सोमवारी सकाळी ओबिन्ना एझेउडूनं विद्यापीठाच्या काचघराचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थिजला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत उबदार हवा. उजव्या बाकावरचा गहू हिरवागार होता. डाव्या बाकावरचा त्याचा जव मात्र विस्तव फिरवल्यासारखा करपला होता. एकही कुंडी वाचली नव्हती.

विद्यापीठाच्या पोलिसांतली डिटेक्टिव्ह लॉरेटा स्कोगेन आली. तिनं एक पान उचलून हुंगलं आणि नाक मुरडलं.

"हा रोग नाही. कुणीतरी तणनाशक मारलंय. कुलूप शाबूत आहे, म्हणजे किल्लीवालाच आला होता. किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे, माझ्याबरोबर काम करणाऱ्या माहरुखकडे आणि आमच्या हॅगस्ट्रॉम सरांकडे."

"झाडं शेवटची धड कधी पाहिलीत?"

"शुक्रवारी संध्याकाळी. या डाव्या बाकावरचा पाण्याचा पाइप तुंबला. माहरुखच्या गव्हाला कोरडं राहणं सोसलं नसतं. जव काटक. म्हणून आम्ही दोघांनी कुंड्यांची अदलाबदल केली."

"तुमचं कुणाशी वाकडं?"

"नाही मॅडम. पण माझं सगळं या जवावर होतं." त्याचा आवाज चिरकला. "मी सरकारकडे ग्रीन कार्डसाठी अर्ज केलाय. माझं काम देशाच्या हिताचं आहे, म्हणून कुणा मालकाच्या सहीशिवाय मला इथे कायमचं राहू द्या, असा. गेल्या वर्षीचा नाकारला, म्हणून पुन्हा केला. आता म्हणतात, आणखी पुरावा द्या. हाच तो पुरावा."

"माहरुखबाईंचाही असाच अर्ज आहे?"

"हो. पण ती असलं काही करणार नाही!"

माहरुख देझफुली बाहेरच्या खोलीत गरम चहाचा पेला धरून बसली होती.

"शनिवार-रविवार कुठे होतात?" लॉरेटानं विचारलं.

"घरी. तापानं फणफणले होते."

"साक्षीला कोण?"

"मांजर आहे. विचारा तिला."

लॉरेटा हसली नाही. तिनं प्रोफेसर वेंडेल हॅगस्ट्रॉमना फोन लावला. "तुमच्या काचघरात कुणीतरी झाडं मारलीत. लगेच या." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

प्रोफेसर आले ते टोपीवरचा बर्फही न झटकता. गव्हावरच्या तांबेरा रोगाचे मोठे तज्ज्ञ. दोघांच्याही अर्जांना त्यांनी तोंडभरून शिफारस दिली होती. ते तडक माहरुखजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर सोडू नकोस, पोरी. अर्ज काय, पुन्हा करता येईल. तुझा नोकरीचा व्हिसा मी वाढवून घेतो. मी आहे ना!"

माहरुख गोंधळून बघत राहिली. पलीकडे ओबिन्नानं डोळे पुसले.

"सर, तुम्ही इथे शेवटचे कधी आलात?" लॉरेटानं विचारलं.

"शुक्रवारी दुपारी. त्यानंतर आत्ताच."

लॉरेटानं खोलीचं दार लावून घेतलं.

"मग तुम्ही चुकीच्या माणसाचं सांत्वन का केलंत?"

"म्हणजे?"

"मेलाय तो ओबिन्नांचा जव. मी फोनवर फक्त झाडं म्हणाले. कुणाची, ते सांगितलं नाही. आत पाहा."

प्रोफेसरांनी काचेतून पाहिलं. उजवीकडचा गहू दिसला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीही सकाळपासून ओबिन्नांचा वैरी शोधत होते," लॉरेटा म्हणाली. "पण त्यांना वैरी नव्हताच. डाव्या बाकावर कायम माहरुखचा गहू असतो. शुक्रवारी संध्याकाळी तो हलवला, हे या दोघांनाच ठाऊक होतं. तुम्ही दुपारीच गेला होतात. तुम्ही अंधारात, तोंडाला मास्क लावून फवारलंत. कोवळा गहू आणि कोवळा जव, घाईत कोण बघतंय? तुमचे बूट आणि कोट तपासायला लागतील, सर."

प्रोफेसर खुर्चीत कोसळले. मग एकदम उसळले.

"दरवेळी हेच! मी शिकवायचं, मी नाव करून द्यायचं, आणि कार्ड हातात पडलं की हे चालले! ही गेली असती तर माझी प्रयोगशाळा चालवायची कुणी?"

"मग शिफारस कशाला दिलीत?"

"नाही दिली असती तर मला ती जायला नकोय, हे तिला कळलं असतं."

माहरुख उभी राहिली. "तुम्ही लिहिलं होतं, देशाला हिची गरज आहे. गरज तुम्हाला होती, सर. नुसतं तेवढं बोलला असतात, तर कदाचित मी राहिलेही असते."

प्रोफेसरांना पोलिसांनी नेलं. आपला गहू वाचला तो दुसऱ्याच्या जिवावर, हे माहरुखला बोचत होतं.

"बियाणं आहे?" तिनं ओबिन्नाला विचारलं.

"मूठभर." ओबिन्ना खिन्न हसला. "आणि पुरावा द्यायची मुदत टळली तर?"

"गुन्ह्याचा अहवाल मी देते," लॉरेटा म्हणाली. "तो जोडा. मुदतीचं मात्र मला सांगता येणार नाही."

जूनमध्ये माहरुखचं कार्ड आलं. त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या राज्यातून बोलावणंही आलं. आता तिला कुणाच्याच सहीची गरज नव्हती. ती निघून जाणार, असं सगळे धरून चालले होते.

ओबिन्नानं पुन्हा पेरलेला जव कापणीला येईपर्यंत ती थांबली.