सत्त्याऐंशी नंबरच्या घरातली हजेरी

हे माझ्याच बाबतीत घडलंय. कुणाकडून ऐकलेलं नाही. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. मला आता दोन्ही सारखंच.

तारीख १७ मार्च १९९४. गुरुवार. वेळ दुपारी बाराची.

रात्र नव्हती. वादळही नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं.

गाव आल्टब्रुनेन, रोमानियाच्या बनात प्रांतातलं. आम्हा जर्मनांचं गाव. सरहद्द उघडली आणि सगळे जर्मनीला निघून गेले. मागे उरलो आम्ही अकरा जण. चर्चची किल्ली माझ्याकडे असायची, कारण जुन्या वळणाचं जर्मन अक्षर वाचता येणारी मी एकटीच राहिले होते. परदेशातून लोक आपले पूर्वज शोधत यायचे. मी त्यांना बाप्तिस्म्याची नोंदवही वाचून दाखवायची.

माझा नवरा फ्रान्झ नोव्हेंबरात वारला. तेव्हापासून मला काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, भूक नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात ना... तसं सगळं अंग.

त्या दिवशी अमेरिकेतल्या डाकोटाहून डेल्बर्ट नावाचे गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या आसपास. आमची बोली बोलायचे, पण आजीकडून शिकलेली, ऐंशी वर्षांपूर्वीची. त्यांच्याकडे आजीच्या माहेरची, हेर्लेंची टाइप केलेली वंशावळ होती. पणजोबा, पणजी आणि चार मुलं. सगळे १९१३ साली बोटीने गेलेले.

मी वही उघडली. पीटर सापडला. मार्गरेट, निकोलाउस, आना. आना म्हणजे डेल्बर्टची आजी.

आणि खाली अजून एक ओळ.

"अपोलोनिया हेर्ले," मी वाचलं. "जन्म १९०६."

"चुकतंय काहीतरी," ते म्हणाले. "आजी नेहमी सांगायची, आम्ही चौघंच."

"आईबाप तेच आहेत. घर नंबरही तोच, सत्त्याऐंशी."

मग मी मृत्यूची नोंदवही काढली. सगळी वर्षं पाहिली.

अपोलोनिया कुठेच नव्हती.

जन्माला आली होती. मेली नव्हती.

सत्त्याऐंशीची किल्ली शेजारच्या लिसी बासलकडे असायची. बासल म्हणजे मावशी. सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. शहाऐंशी वर्षांची, पण जीभ शाबूत. डेल्बर्टना तिने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हेर्लेंचा का तू? नाक तेच आहे. दात मात्र विकतचे दिसतात."

डेल्बर्ट हसले. मी अपोलोनियाचं नाव घेतलं.

लिसी बासलचं हसू गेलं.

"बंदरावर डॉक्टरांनी सगळ्यांचे डोळे तपासले," ती म्हणाली. "हिचे बिघडलेले निघाले. बोटीवर घेईनात. सात वर्षांची पोर काकाबरोबर परत पाठवली. आई म्हणाली, वर्षात न्यायला येतो. तोवर रोज दुपारी बाराला भावंडांची सगळ्यांची नावं घे, म्हणजे विसरायची नाहीस."

"मग?" डेल्बर्टनी विचारलं.

"मग लढाई लागली. कोण येतंय! नंतर तिचे दोन्ही डोळे गेले. चौदा वर्षांची असताना थंडीत एकटीच स्टेशनच्या वाटेला लागली. पुन्हा कुणी पाहिली नाही. तीन आठवड्यांनी अमेरिकेहून तिकीट आलं. माझ्या आईनेच परत पाठवलं, चिठ्ठी लिहून."

डेल्बर्टनी हातातली वंशावळ घडी घालून खिशात ठेवली.

"मला घर बघायचंय."

"बघ की. पण बारा वाजायच्या आत बाहेर ये."

"का?"

"उगाच वाद घालू नकोस. ये म्हटलं की यायचं."

आम्ही आलो नाही. डेल्बर्ट फोटो काढत बसले आणि मला घाई करावीशी वाटली नाही.

मागची खोली रिकामी. शेगडी, तिला लागून एक बाक. बाकी काही नाही.

आधी बाहेरच्या कोंबड्या गप्प झाल्या...

मग ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला...

मग बाकाची फळी करकरली. कुणी वर चढावं तशी.

"पीटर."

लहान मुलीचा आवाज. शेगडीपाशी. तिथे कुणीच नव्हतं.

"मार्गरेट."

डेल्बर्टनी माझा दंड धरला. त्यांची बोटं रुतत होती. मला दिसत होतं, पण दुखत नव्हतं.

"निकोलाउस. आना."

आवाज थांबेल असं वाटलं.

थांबला नाही.

"रेमंड. लोरेन."

"माझे वडील," डेल्बर्ट कुजबुजले. "माझी आत्या. हे तर तिकडे जन्मलेत... हिला कसं..."

"डेल्बर्ट."

शांतता. ती वाट बघत होती. शाळेत हजेरी घेताना मास्तर बघतात तशी.

 मग डेल्बर्ट हळूच म्हणाले, "आहे."

बाक पुन्हा करकरला.

"अपोलोनिया."

कुणीच बोललं नाही.

"अपोलोनिया..."

या वेळी आवाज बारीक झाला होता. तिचं नाव दुसऱ्या कुणी घेतलंच नव्हतं. घेणारे सगळे समुद्रापलीकडे. ऐंशी वर्षं स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच वाट बघायची.

मी का तसं केलं, मला अजून माहीत नाही. दया आली असंही नाही.

मी म्हणाले, "आहे."

फळीचा आवाज झाला. कुणी खाली उतरलं. अनवाणी पावलं माझ्यापाशी आली... आणि थांबली.

परत गेली नाहीत.

बाहेर कोंबड्या ओरडायला लागल्या.

डेल्बर्ट रडत होते. पण अंगणातली लिसी बासल माझ्याकडे बघत होती.

"कुणी ओ दिली?"

"मी."

"तू? तुझी कोण लागते ती?" तिचा आवाज फाटला. "तिच्या नावाला तू कशी ओ दिलीस, वाल्ली?"

मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

डेल्बर्ट दुसऱ्या दिवशी गेले. वंशावळीत पाचवं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. लिसी बासल म्हणाली, आता घरातून आवाज येत नाही. वर्षभरात ती वारली.

मग मीही जर्मनीला जायचं ठरवलं. अर्जासाठी बाप्तिस्म्याचा उतारा लागतो. मी वही काढली. १९५३ चं पान.

ओळ होती. तारीख होती. बापाचं नाव, आईचं नाव, धर्ममातेचं नाव.

माझ्या नावाची जागा... कोरी.

खरवडलेलं नाही, पुसलेलं नाही. वीस वर्षं या वह्या वाचतेय, खाडाखोड मला ओळखता येते. तिथे शाई कधी लागलीच नव्हती.

महिन्यातून एकदा येणाऱ्या पाद्रींना दाखवलं. ते हसले.

"जुन्या पाद्रीचा विसरभोळेपणा, दुसरं काय! घे पेन आणि लिही. तुझंच नाव आहे, कोण विचारतंय?"

ते कॉफी घ्यायला गेले. मी पेन उचललं.

वाल्बुर्गा. माझं नाव वाल्बुर्गा. एवढंच लिहायचं होतं.

पेन टेकवलं. हात आपोआप चालला. एकच अक्षर उमटलं आणि मी पेन खाली ठेवलं.

ते 'अ' होतं.

अर्ज मी पाठवला नाही. वही कपाटात आहे. त्या एका अक्षरापुढे अजून दुसरं अक्षर उमटलेलं नाही...

निदान परवा बघितलं तेव्हा तरी नव्हतं.