बारावे छप्पर

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसले की निम्मी गोष्ट वारा नेतो, आणि ही गोष्ट निम्मी ऐकण्यातली नव्हे. बारा तुकड्यांच्या एका गोधडीची कथा सांगायची आहे. ऐकून घरी जाल तेव्हा आपल्याच उशीकडे जरा निराळ्या नजरेने पाहाल, एवढे माझे वचन.

"ताई, डोळे!" रेवती मोघे जवळजवळ किंचाळलीच.

वत्सलाताई केळशीकर दचकून सावरून बसल्या. पेंडशांच्या घरी दुपारचे जेवण नुकतेच आटोपले होते. दोन पुरणपोळ्या, वर आग्रहाची अर्धी, आणि तुपाला तर मोजमापच नव्हते. पापण्या आपोआप मिटू लागल्या होत्या.

"अगं, पाच मिनिटं पाठ टेकते. वामकुक्षी हा काय गुन्हा आहे?"

"इथे आहे. आणि तुमची पाच मिनिटं म्हणजे दिवेलागणीपर्यंत, ते मला पहिल्याच दिवशी कळलंय."

पेंडशांच्या सुनेने सोफ्यावरची उशी उचलून झटकन कपाटात टाकली. उशी नव्हे, जणू फणा काढलेला नागच होता तो.

"या देशात पाहुण्याला पोटभर जेवू घाला, पण निजवू नका," पेंडसेकाका हसत म्हणाले. त्या हसण्यात भीती होती, आणि वत्सलाताईंना ती ऐकू आली. तीस वर्षे कीर्तनाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या बाईला हसण्यातले सूर कळतात.

रामनवमीच्या नऊ कीर्तनांसाठी त्या चिपळूणहून वेल्मारला आल्या होत्या. उत्तरेच्या थंड समुद्राकाठचा हा देश. राजधानीत अकरा मराठी घरे. एरवी कीर्तनकार आला की आज याच्याकडे मुक्काम, उद्या त्याच्याकडे, अशी ओढाताण चालते. इथे मात्र नऊच्या नऊही दिवस मुक्काम फक्त रेवतीकडे.

वेल्मारचा नियम तसा जुनाच होता. परदेशी पाहुणा ज्या छपराखाली झोपेल, त्या छपराच्या धन्याने तीन दिवसांत त्याची नोंद करायची. छप्पर बदलले की नवी नोंद. पूर्वी शिक्क्याचा कागद मिळे. तो हरवायचा, भिजायचा, काही जण खोटाही करून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी कागद गेला आणि गृहठसा आला.

"प्रत्येक घरात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, ताई," विमानतळावरून येताना रेवतीने समजावले होते. ती एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. "माणसं, त्यांचा स्वयंपाक, कुंडीतली माती, भिंतीतली ओल, सगळ्यांचं मिळून एकेका घराचं वेगळं विरजण असतं. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. चार तास झोपलं की ते मानेवर येतं, जिथं उशी लागते तिथं. आता येताना तुमच्या मानेवरून त्यांनी कापसाचा बोळा फिरवला ना? निघताना पुन्हा फिरवतील. मधल्या दिवसांत जे नवं चिकटलं असेल, ती तुम्ही झोपलेली घरं."

"आणि नोंद नसलेलं घर निघालं तर?"

"पाहुण्याला दहा वर्षं बंदी. यजमानाचा परवाना रद्द, महिन्याभरात देश सोडायचा. म्हणून सांगते, झोपायचं ते माझ्याच घरी."

वत्सलाताईंनी ते मनोभावे पाळले. पण माणूस दार राखत बसतो आणि खिडकी उघडीच राहते, तसे झाले.

रेवतीकडच्या रजया परदेशी, पिसासारख्या हलक्या. ताईंना अंगावर वजन असल्याशिवाय झोप लागत नसे. पाचव्या कीर्तनात आवाज बसला, सहाव्यात खोकला आला. मग बायका जमल्या आणि ठरले की ताईंना गोधडी शिवून द्यायची. ताईंच्या आईची रीत होती, गोधडी एका घरच्या कापडाची करू नये. मायेला एक घर पुरत नाही. म्हणून अकरा घरांतून अकरा जुनी लुगडी आणि साड्या आल्या. अंथरुणात वापरून मऊ झालेल्या, धुऊन धुऊन विटलेल्या. सभागृहात दोन दुपारी सुया चालल्या. चार-चार तुकड्यांच्या तीन ओळी. बाराव्या तुकड्याचा कोपरा मात्र रिकामा राहिला.

तो भरायला आली शेवंती.

रोज शेवटच्या रांगेत, पोराला मांडीवर घेऊन बसणारी ही मुलगी ताईंनी हेरली होती. आरतीला उभी राहायची आणि प्रसाद हातात पडताच निघून जायची. त्या दिवशी बाकीच्या बायका चहाला गेल्यावर ती पुढे आली.

"आईचं लुगडं हाय," तिने निळ्या ठिपक्यांचे एक फडके पुढे केले. "पोराचं दुपटं केलं होतं. कोपऱ्याला पुरंल."

"आणि पोराला गं?"

"त्याला अर्धं ठेवलंय."

ती गुहागरकडची. इथल्या एका वृद्ध जोडप्याची शुश्रूषा करायला आली होती. ती दोघे गेली, त्यांच्याबरोबर तिचा परवाना गेला. ती मात्र गेली नाही. जायला निघाली असती तर आधी तिला कोठडी आणि सहा महिन्यांच्या पोराला सरकारी पाळणाघर. कुठल्याशा तळघरात ती राहत होती. वेल्मारच्या दप्तरात ते तळघर नव्हते, ती नव्हती, पोरही नव्हते.

"तारामती घाणेकर. असगोलीत कुणालाबी विचारा. आईला सांगाल, मी बरी हाय म्हणून?"

"सांगेन," ताई म्हणाल्या, आणि तो तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने कोपऱ्यात लावला. घाई होती, टाके बोटभर लांब पडले.

पुढचे तीन दिवस ताई त्या गोधडीत मानेपर्यंत गुरफटून गाढ झोपल्या. खोकला गेला. नवमीचे कीर्तन असे रंगले की पेंडसेकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. उशांवर पहारा देणाऱ्या रेवतीच्या, प्रयोगशाळेतल्या त्या हुशार मुलीच्याही, मनात गोधडीबद्दल काही आले नाही. आपल्या माणसाच्या अंगावर आपण पांघरूण घालतो, तेव्हा त्यात कसला आलाय पुरावा?

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर ताईंच्या मानेवरून बोळा फिरला. यंत्राने थोडा वेळ घेतला, आणि हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागला.

खांद्यावरची गोधडी आणि झांजांची झोळी यांसकट त्यांना एका छोट्या खोलीत नेले. गणवेशातली, करड्या केसांची अधिकारीण समोर बसली. ताईंच्या कानात दुभाष्या नावाचे यंत्र होते. ते वेल्मारी बोलण्याचे मराठी करी, पण पोथीतले.

"आदरणीय महोदया, आपण बारा छपरांखाली निद्रा घेतलीत. नोंद एकाच छपराची आहे."

"मी एकाच घरी झोपले. रेवती मोघ्यांच्या."

"यंत्र असत्य वदत नाही."

"मग काय मी वदते?"

अधिकारीण हसली नाही. तिने पडदा ताईंकडे फिरवला. रेवतीच्या घरापुढे हिरवी खूण. खाली पेंडसे, सोहनी, कुंटे अशी दहा घरे, पिवळी. त्यांचे ठसे सरकारी दप्तरात होतेच. शेवटची ओळ लाल होती आणि तिथे नाव नव्हते, फक्त प्रश्नचिन्ह.

"या दहा यजमानांस पंधरा मिनिटांत परवाना रद्द झाल्याची सूचना जाईल. स्पष्टीकरण असल्यास तत्पूर्वी द्यावे. बारावे छप्पर कुणाचे, तेही सांगावे." ती कागद आणायला उठून गेली. भिंतीवर आकडे मागे मागे पळू लागले. चौदा मिनिटे, काही सेकंद.

ताईंनी पडद्यावरची नावे पुन्हा वाचली. दहा घरे! सोहन्यांची मुलगी परीक्षेला बसली होती. पेंडसेकाकांवर इथेच उपचार चालले होते. देवा, मी झोपले कधी रे यांच्याकडे? थंडी वाजली म्हणून त्यांनी गोधडी अंगाभोवती ओढली. बोटे पेंडशांच्या जांभळ्या साडीवरून फिरली, तिथून सोहन्यांच्या हिरव्या काठावर गेली, आणि तिथेच थांबली.

घरे अंगावर पांघरून त्या झोपल्या होत्या.

'पाहा बाई, ही गोधडी,' एवढे म्हटले की संपले. एकेका तुकड्यावरून बोळा फिरेल, दहाही घरे सुटतील. त्या उठल्या, आणि पुन्हा खाली बसल्या. कोपऱ्यात निळे ठिपके होते. मानेवरून यंत्राला फक्त एक अनोळखी घर कळले होते. या फडक्यावर पोराची लाळ होती, आईचे दूध होते. यावरून माणसे कळली असती.

नऊ मिनिटे.

ताईंनी हात गोधडीखाली नेला आणि टाक्याचे टोक शोधले. ओठांवर नाम, बोटांत दोरा. बोटभर टाके सरसर निघत आले. आपल्या घाईला त्यांनी मनोमन दंडवत घातला. शेवटचा टाका मात्र अडला. गाठ बसली होती. त्यांनी मान खाली घातली, गोधडीत तोंड लपवून रडल्यासारखे केले आणि गाठ दातांनी तोडली. झांजा एकमेकींवर वाजू नयेत म्हणून त्या नेहमी फडक्यात गुंडाळून ठेवत. निळ्या ठिपक्यांच्या तुकड्यात झांजा गेल्या आणि झोळीचा बंद आवळला गेला, तोच दार उघडले.

"बाईसाहेब," ताई म्हणाल्या, "हिच्यावरून तुमचा बोळा फिरवा."

अधिकारिणीने आधी कपाळाला आठी घातली, मग फिरवला. एकेक तुकडा, एकेक घर. दहा पिवळ्या ओळी एकामागून एक विझल्या. भिंतीवरचे आकडे दीड मिनिटावर थांबले. ताईंनी मोकळा श्वास घेतला.

"चार, चार आणि तीन," अधिकारीण म्हणाली. तिने रिकाम्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. कापडावर टाक्यांची ताजी भोके होती, आणि एका भोकात दोऱ्याचे ओले टोक. तिने ते चिमटीत धरून पाहिले. झोळीकडे तिने पाहिले की नाही, ते ताईंना शेवटपर्यंत कळले नाही.

"येथे आमच्या नियमात दोन उत्तरे आहेत. 'सांगत नाही' म्हणालात, तर शोधपथक निघते. 'माहीत नाही' म्हणालात, तर ठसा अनोळखी म्हणून सात वर्षे जतन होतो. पुढे कधी कुणाच्या मानेवर तो आढळतो का, याची यंत्र प्रतीक्षा करते." तिने लेखणी उचलली. "कोणते लिहू? सावकाश विचार करावा."

गादीवर उभे राहायचे ते खरे बोलण्यासाठी, असे ताईंचे गुरू म्हणत. तीस वर्षांत त्यांनी साधी तिथीही चुकीची सांगितली नव्हती. सत्यावर किती आख्याने लावली, किती लोकांना रडवले!

"माहीत नाही," वत्सलाताई म्हणाल्या.

चिपळूणला परतल्यावर त्यांनी कीर्तन घेतले नाही. एकवेळ जेवून आठवडा काढला, आणि झोळी घेऊन असगोलीला गेल्या.

तारामावशींनी सगळे ऐकले. लेक जिवंत आहे इथे त्या रडल्या, नातू आहे इथे हसल्या. मग आत जाऊन एक कागद घेऊन आल्या. "भाच्यानं अर्ज भरलाय माझा, वेल्मारला जायचा. पुढल्या महिन्यात. तीन वर्सं खबर नाय, म्हटलं स्वतःच जाऊन हुडकावी. आता तर नातूबी बघंन."

ताईंनी झोळी सोडली होती. झांजा बाजूला ठेवून त्यांनी फडके पुढे केले, आणि एकदम हात मागे घेतला. येताना मानेवरून बोळा फिरवतात. दप्तरात एक अनोळखी ठसा सात वर्षे वाट पाहत बसला आहे. ही बाई हे फडके उशाशी घेतल्याशिवाय राहणार आहे थोडीच? मग तो ठसा अनोळखी राहणार नाही. तो तारामती घाणेकरांच्या लेकीचा होईल.

त्यांनी ते जमेल तसे समजावून सांगितले. मावशींनी फडक्याकडे नेलेला हात आखडता घेतला.

"म्हंजे कढत पाण्यात धुवावं लागंल."

"हो. सोडा घालून, दोनदा. तेही माझ्या हातांनी, तुम्ही हात न लावता. किंवा..."

"किंवा जायचंच नाय." मावशींनी फडक्याकडे पाहिले, दुरून. "माझंच लुगडं. तिच्या लग्नासाठी ठेवलं होतं, जाताना बरोबर दिलं. आता त्यात पोराचा वास असंल, नव्हं? मी त्याला अजून बघितलाबी नाय."

परसात चुलीवर पाणी तापत होते. उकळी फुटल्याचा आवाज आला.

"ताई, तुम्ही एवढी आख्यानं सांगता," मावशी म्हणाल्या. "सांगा, धुवू का ठेवू?"

 ताईंनी फडक्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. तुम्ही असता तर काय सांगितले असते?

मंडळी, त्या मुलीचे नाव मी तुम्हांला शेवंती सांगितले. ते तिचे नाव नव्हे, आणि ते गावही तिचे नव्हे. खरे मी सांगणार नाही. पण आज निजताना अंगावर पांघरूण ओढाल, तेव्हा कुठल्याच दप्तरात नसलेल्या त्या लेकीची आणि अर्ध्या दुपट्यात झोपलेल्या तिच्या पोराची एकदा आठवण काढा. यंत्राला नव्हे, माणसांना आठवली पाहिजे ती.