शेवटचा फर्मा

"बसलेत घेऊन. दुसऱ्याचं काय अडलंय, याचं आहे का कुणाला काही!"

दोऱ्याचं टोक दातांत धरून थोरली पुटपुटली. मोठ्यानं नाही, पण पुस्तकबांधणीच्या त्या खोलीत टेबलं इतकी खेटून होती, की एकानं आवंढा गिळला तरी दुसऱ्याला ऐकू जायचा. समोर पुठ्ठ्याला खळ लावणाऱ्या नवऱ्याचा ब्रश थांबला, आणि काहीच ऐकलं नाही असा पुन्हा चालू लागला. सासूबाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं.

"कुणाला बोललीस गं?"

"दोऱ्याला. गाठी पडतायत."

दोऱ्याला एकही गाठ नव्हती. ते तिघांनाही दिसत होतं.

ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिला सगळे थोरली म्हणायचे. मागून धाकटी येणार, या हिशेबानं. धाकट्या दिरानं लग्नच केलं नाही, त्यामुळे धाकटी काही आली नाही. पण थोरली ती थोरलीच राहिली. वर राहायचं, खाली काम करायचं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं, वकिलांचे उशीएवढे ग्रंथ, कुणाकुणाचे प्रबंध, सगळं या खोलीत शिवलं जायचं आणि कापडाची नाहीतर चामड्याची पाठ लावून बाहेर पडायचं.

इतकी विद्या हाताखालून जायची, पण घराला वेड एकाच लेखकाचं. त्याचं नाव कुणी घेत नसे. तो घरचाच असल्यासारखा त्याला 'गप्पीदास' म्हणत. त्याच्या कादंबऱ्यांत ढगांवरून चालणारी गलबतं असत, सर्दी झालेला ड्रॅगन असे, एक लबाड चोरटी असे आणि तिच्या कमरेला सतत कुरकुरणारी तलवार. 'मला म्यानात घालण्याआधी पुसत जा गं बाई,' असं ती ऐन लढाईत म्हणायची. दर चार पानांना मारामारी, दर दोन पानांना हसू. शिकवण वगैरे औषधालाही नाही. दिवसभर जडजड पुस्तकं उचलणाऱ्या माणसांना वाचायला असंच काहीतरी हवं असतं.

नवी कादंबरी आली की आधी कोणी वाचायची? दुसऱ्या घरात भांडणं झाली असती. हे बांधणीवाले. ते सरळ पुठ्ठा काढायचे, शिवण कापायचे आणि पुस्तकाचे फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक जुडी. अशा जुड्या एकीला एक शिवल्या की पुस्तक होतं. पहिला फर्मा सासूबाई वाचायच्या, त्यांचा झाला की धाकट्याकडे, मग थोरलीकडे, शेवटी नवऱ्याकडे. एकाच वेळी चौघं एकाच पुस्तकात, चार वेगवेगळ्या ठिकाणी. पुढचा माणूस हसला की मागचा कानांवर हात ठेवायचा. "सांगू नका हं!" असा ओरडा व्हायचा. सगळ्यांचं वाचून झालं की नवरा ते पुन्हा शिवायचा आणि लाल कापडात बांधून फळीवर ठेवायचा.

थोरली लग्न करून आली तेव्हा पहिले काही दिवस ती या घरात पाहुण्यासारखी अंग चोरून वावरायची. एकदा धाकट्यानं तिच्यासमोर एक फर्मा टाकला आणि म्हणाला, "वहिनी, हे वाचा. नाही हसलात तर मी आठवडाभर भांडी घासतो." ती हसली. त्याची भांडी वाचली, आणि तिला घरात एक मैत्र मिळालं.

तो गेल्या हिवाळ्यात गेला. त्या टेबलाशीच. कामावर मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

त्यानंतर घरात कुणीही 'वारला' हा शब्द उच्चारला नाही. 'ते झालं तेव्हा' म्हणायचे. 'त्या दिवसानंतर' म्हणायचे. त्याचं एप्रन खिळ्यावर तसंच राहिलं, खुर्ची तशीच. थोरलीचं रडणं छातीत आडवं येऊन बसलं होतं, पण सासूबाई रडल्या नाहीत, नवरा रडला नाही. मग ही परक्या घरातून आलेली कशी आधी रडणार? कुणीतरी एकदा तोंडानं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणजे मग तिला रडता आलं असतं. कुणी म्हणत नव्हतं.

अशात गप्पीदासाची नवी कादंबरी आली. मालिकेतली शेवटची, असं वेष्टणावरच छापलेलं होतं. नवऱ्यानं गुपचूप शिवण कापली. सासूबाईंनी पहिला फर्मा वाचला आणि सवयीनं उजवीकडे, धाकट्याच्या टेबलावर ठेवला.

हात सवयीनंच गेला असणार. तिघांनीही बघितलं. थोरलीनं तेव्हाच हात लांब करून तो उचलायचा होता. उचलला नाही. उचलला असता तर का उचलला ते सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवून ती खाली आली तर फर्मा तिच्या टेबलावर होता.

सासूबाईंनी सरकवला असेल. चांगलंच झालं, असं म्हणून तिनं वाचायला घेतला. मधल्या एका पानाचा कोपरा आतल्या बाजूला दुमडलेला होता, धाकटा दुमडायचा तसा. सासूबाई पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्याला चोर समजायच्या.

पुढचे फर्मे तसेच आले. सासूबाईंकडून धाकट्याच्या टेबलावर, तिथं एखादा दिवस मुक्काम, मग तिच्याकडे. ते कोण सरकवतं ते तिला एकदाही दिसलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी आलेल्या फर्म्यावर अंगठ्याएवढा खळीचा डाग होता. तिनं बोट लावलं. ओला. त्या दिवशी घरात खळ शिजवलीच नव्हती.

थोरलीला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला.

"आई, इकडेच द्या ना सरळ," पुढच्या वेळी ती म्हणाली आणि सासूबाईंच्या हातून फर्मा जवळजवळ ओढूनच घेतला.

"क्रम मोडू नये गं," सासूबाई म्हणाल्या. बस, इतकंच.

तिनं तो खणात टाकला, वर जाऊन चहा ठेवला, तिघांचे कप घेऊन खाली आली. खण बंद होता. फर्मा धाकट्याच्या टेबलावर होता, पहिल्याच पानावर उघडलेला.

"मी हात नाही लावला," नवरा म्हणाला.

"मी कुठं म्हटलं तुम्ही लावलात?"

"नाही, म्हणजे तू तशी बघतेयस."

"बघू पण नको का आता?"

त्यानं कप उचलला आणि चहा गार असल्यासारखा एका घोटात पिऊन टाकला. जीभ भाजली असणार. या घरात जीभ भाजली तरी बोलायची सोय उरली नव्हती.

कादंबरी शेवटाकडे सरकली तसे फर्मे रेंगाळायला लागले. एका दिवसाचे तीन दिवस, तिनाचे सहा. आणि शेवटचा तर येईचना. तिकडे चोरटी गलबताच्या दोराला एका हातानं लटकलेली, खाली ढगसुद्धा नाहीत, तलवार म्हणतेय 'मला सोड, ओझं कमी होईल,' आणि इकडे थोरली रोज सकाळी रिकाम्या टेबलाकडे बघतेय. दुकानातून दुसरी प्रत आणता आली असती. नवऱ्याच्याही मनात ते आलं असावं, एकदा "मी काय म्हणतो..." अशी सुरुवात करून त्यानं ब्रश धुवायला घेतला. दुसरी प्रत आणायची म्हणजे पहिलीचं काय झालं ते बोलणं आलं.

गाठी पडतायत, असं ती म्हणाली तो हा दिवस.

दुपार होती. वीज गेली आणि पंखा हळूहळू थांबला. खिडक्या कापडाचे तुकडे उडू नयेत म्हणून बंदच असायच्या. उन्हाचा एक पट्टा धाकट्याच्या टेबलावर पडला होता. फर्मा त्या पट्ट्यात उघडा होता.

सर्र, असा आवाज झाला.

थोरलीनं सुई खाली ठेवली.

एक पान उचललं गेलं, मध्ये उभं राहिलं आणि दुसऱ्या बाजूला पडलं. खालचा कोपरा मग सावकाश सपाट झाला, कुणी तळहात फिरवावा तसा.

नवऱ्याचा ब्रश खळीच्या भांड्यात बुडालेला होता. तो भांड्याकडेच बघत राहिला. सासूबाई कापडाचे सुटलेले धागे वेचत होत्या. त्यांची बोटं थांबली नाहीत.

बऱ्याच वेळानं आणखी एक पान उलटलं.

"आई," थोरली म्हणाली. "आई, तुम्ही तरी बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"दिसत नाही का तुम्हाला?"

"रोज दिसतंय." सासूबाईंनी धाग्यांचा गोळा केला आणि मुठीत धरला. "मी आई आहे त्याची. त्याची मान खाली गेली तेव्हाच मला कळलं. कळलं नाही ते फक्त त्याला."

नवरा म्हणाला, "आई, नको."

"मग त्यांना सांगितलं का नाही?" थोरलीचा आवाज चिरकला.

"सांगणारच होते. तेवढ्यात हे पुस्तक आलं." त्या जरा थांबल्या. "म्हटलं, वाचून होऊ दे. अर्धं राहिलं तर हळहळेल. तर आता शेवट काही हा सोडेना."

टेबलावरच्या फर्म्यात आता एकच पान उलटायचं उरलं होतं.

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्यानं पाठ फिरवली. उरली थोरली.

ती उठली. मधे दोन हातांचं अंतर होतं. टेबलाला खळीचा ओला, आंबूस वास येत होता. तिनं रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो मान वर करून जिथून तिच्याकडे बघायचा तिथं बघून ती बोलली.

"भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही वारलात. हिवाळ्यातच. इथंच."

आणि तिला रडू फुटलं.

पान अर्धवट उचललं गेलं होतं. ते तसंच हवेत राहिलं.

मग हळूच मागं पडलं. त्याच्या मागचंही उलटं फिरलं. वाचताना एखादं वाक्य नीट समजलं नाही, की माणूस पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो, तसं.