निंग घराण्याचं रेशमी फर्मान

दार लोटून घ्या, पोरांनो. हे आमच्या शौलिनच्या बाबतीत घडलेलं आहे. जुन्या चित्रांना, लेखांना मागून कागद लावून द्यायचा तो. चहाला आम्ही रोज एकत्र बसायचो.

तीन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्याच्या चौदाव्या तिथीला शीतान गावच्या निंगकाकांनी त्याला बोलावलं. घरात बादशहाचं रेशमी फर्मान होतं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. दुसऱ्या दिवशी पितरांच्या पूजेला ते टांगायचं होतं.

"सकाळपर्यंत होईल ना रे?"

"काका, दोनशे वर्षं थांबलंय ते. तुम्हालाच एक रात्र दम नाही!"

संध्याकाळी त्याने रेशमाला मागून ओला कागद लावला, कडांना खळ फासली आणि ते एका कोऱ्या फळीवर ताणून बसवलं. वाळेपर्यंत तिथेच खाट टाकली.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी बाईचा आवाज आला. "दादा, काय लिहिलंय हो त्यात?"

खिडकीबाहेर घरातली सून असेल, असं त्याला वाटलं. पडल्या पडल्याच त्याने बॅटरी मारून वाचलं. "निंग घराण्याची सून, माहेरची लुओ, वय एकोणीस. पती वारल्यावर तिने स्वखुशीने गळफास घेतला. म्हणून या घराण्याला हा मान..."

"स्वखुशीने?"

"असंच लिहिलंय, बाई."



"पुन्हा वाचा."

त्याने वाचलं.

"दादा... मी ओरडत होते."

आवाज खिडकीतून नव्हता. फळीकडून आला होता.

बॅटरी पडली. अंधार. मग खरखर... थांबली. पुन्हा खरखर...

शौलिन भिंतीला चिकटला. कसाबसा म्हणाला, "कळलं, ताई. कळलं मला."

खरखर थांबली, ती पुन्हा आली नाही.

उजाडल्यावर निंगकाका आले.

"काका, तुमची सून रात्री..."

"कुठली सून? बायको गेल्यापासून एकटाच आहे मी."

शौलिनने सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले. मान वर केली नाही. म्हणाले, "टांगायचं नाही ते. काढ."

त्याने कडा सोडवल्या. रेशमाचा एकही धागा उसवला नव्हता. मागचा कागदही अखंड. पण त्याच्या मागे, त्या कोऱ्या फळीवर, नखांचे ओरखडे होते. लाकडात रुतलेले, वरून खालपर्यंत.

फळी मी स्वतः पाहिली आहे. बोटं लावून पाहिली...

फार लहान हात होता, पोरांनो.