गंधारचं दत्तक झाड

खरं प्रेम उंचावर जन्माला येतं. गंधार पानसेचं तर बिबवेवाडीच्या वरच्या टेकडीवर, सकाळच्या गार वाऱ्यात, उगवत्या सूर्याच्या साक्षीनं जन्माला आलं. टेकडीवर तो पोहोचला होता मात्र कोलेस्टेरॉलमुळे. वय एकोणतीस, नोकरी आयटीत, आणि रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं होतं, "हा तुमचा आहे की वडिलांचा?"

पण टेकडीवर नुसतं चालायची सोय नसते. टेकडीचं एक मंडळ असतं, मंडळाला अध्यक्ष असतात, आणि अध्यक्षांना नवा माणूस दिसला की ते त्याला झाड दत्तक देतात. इथले अध्यक्ष बाळकाका. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी काउंटर बंद झाल्याच्याच आवाजात बोलायचे. गुडघ्यांमुळे ते उतारावर येत नसत. फेब्रुवारीत त्यांनी लांबूनच काठी रोखली. "त्या मोठ्या दगडापाशी आपटा लावलाय. रोज दोन बाटल्या पाणी. मेला तर जबाबदार तुम्ही."

दगडाच्या डावीकडे आपटा होता. उजवीकडे हिरवंगार, लुसलुशीत असं काहीतरी होतं. गंधारनं आपट्याची पानं फक्त दसऱ्याला, तीही लोकांनी हातात कोंबलेली पाहिली होती. त्यानं दिसायला बरं होतं त्याला पाणी घातलं. भर उन्हाळ्यात आपटा वारला. उजवीकडचं मात्र पावसाळा सरता सरता गंधारच्या डोक्यावर गेलं आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं आली. गंधारनं त्या फुलांचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझा आपटा.' एकानंही हरकत घेतली नाही. ग्रुपवर सगळे पुण्याचेच होते, यावरून शहराची अवस्था कळावी.

हरकत घेणारी दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

"अहो, याला पाणी कशाला घालताय?"

गंधारनं वळून पाहिलं. चिखलानं भरलेले बूट, केसांत अडकलेलं कुसळ, हातात लाल रिबिनीचं रीळ... आणि डोळे असे, की उत्तर चुकलं तर मार्क कापतील.

"तहान लागत असेल म्हणून."

"याला?"

"तुम्ही ओळखता याला?"

"चांगलं ओळखते."

उत्कर्षा घुले कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. परदेशातून येऊन टेकडीवर माजलेली झाडं शोधायचं काम मंडळानं तिला दिलं होतं. तिनं लाल रिबीन बांधायची आणि रविवारच्या श्रमदानात लोकांनी ते झाड मुळासकट काढायचं. हे समोरचं मूळचं मेक्सिकोचं. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं हटत नाही, आजूबाजूच्या गवताला जगू देत नाही. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात गंधारनं दोन बोटांनी एक फूल वर उचललं – लहान मुलाची हनुवटी उचलावी तसं.

"बघा ना, कसं हसतंय."

रिबीन खिशात गेली.

"रानसूर्यफूल म्हणतात," ती म्हणाली. हे खरंच होतं. फक्त निम्मं होतं.

"म्हणजे आपटा नाही?"

"...नाही."

"चालेल. सूर्यफूल जास्त शोभतं. तुम्ही रोज येता?"

"येते. म्हणजे... आता येईन."

दोन दिवसांचं काम तिनं महिनाभर पुरवलं. तो पाणी घालायचा, ती दगडावर बसून 'निरीक्षण' करायची. तो म्हणायचा, "तुमच्या टिफिनमध्ये काय आहे, याचंही निरीक्षण व्हायला हवं." ती म्हणायची, "तुमच्या रिपोर्टमध्ये काय आहे, ते ऐकलंय मी." आणि तरी गुळपोळीचा मोठा तुकडा त्याच्याकडेच जायचा.

मांजरी गावाहून उत्कर्षाच्या आईचा, शकूबाईंचा, फोन आला.

"त्यो पोरगा करतो काय?"

"पाणी घालतो."

"उसाला?"

"नाही गं, टेकडीवरच्या एका झाडाला."

"त्याची हाय का टेकडी?"

"नाही."

"झाड तरी?"

"तेही नाही."

"मग येडा हाय का काय?"

"थोडासा," उत्कर्षा म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली त्यावरून शकूबाईंना जे कळायचं ते कळलं.

मग एका शुक्रवारी बाळकाकांनी जाहीर केलं, "या रविवारी दगडाची बाजू." उत्कर्षा हिशेब मांडत बसली. झाड गेलं की गंधारला वर यायचं कारण उरणार नव्हतं. आणि झाड ठेवायचं, तर विद्यार्थ्यांना वर्षभर शिकवलेलं सगळं खोटं पडणार होतं.

शनिवारी तिनं त्याला सगळं सांगितलं.

तो बराच वेळ बाटलीचं झाकण लावत-काढत राहिला. "म्हणजे मी इतके महिने तणाला पाणी घातलं?"

"हो."

"आणि आपटा?"

तिनं दगडाच्या डावीकडे बोट केलं.

"ती काडी? अहो, मी तिच्यावर रुमाल वाळत घालतो!"

"पाहिलंय मी."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर..." तिनं मान खाली घातली. "तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कशाला आला असतात?"

गंधारनं रुमाल काडीवरून काढून घेतला. दोन्ही बाटल्या उचलल्या आणि उतरून गेला. उत्कर्षानं खिशातून रिबीन काढली. बांधताना गाठ तीनदा सुटली.

रविवारी सगळे जमले. गंधार नव्हता. लोकांनी उतारावरची बाकीची झुडपं काढली, पण दगडापाशी उत्कर्षा कोणाला जाऊ देईना. ऊन चढलं, लोक पोह्यांकडे वळले. ती स्वतःच खुरपं घेऊन वाकली, तेवढ्यात मागून आवाज आला,

"खुरप्यानं नाही व्हायचं ते."

गंधार. खांद्यावर नवीकोरी कुदळ, दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच.

"उशीर झाला. दुकान दहाला उघडतं."

वरून बाळकाका ओरडले, "पानसे, आपटा कुठाय?"

"गेला, काका!"

"मग ते पिवळं काय आहे?"

"ते माझं आहे. मीच काढतो."

त्यानं पहिला घाव दगडावर घातला, दुसरा जवळपास स्वतःच्या बुटावर. मग दोघांनी मिळून खणलं. बुंधा निघाला, मुळं निघाली, फुलं मातीत पडली. गंधार मटकन खाली बसला. शर्टावर पिवळा पराग, नाकावर माती.

"आता उद्यापासून काय कारण सांगून येऊ?"

उत्कर्षानं खड्ड्यात निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पुन्हा फुटतं हे. मुळाचा तुकडा राहिला तरी पुरतो. लक्ष ठेवावं लागतं."

"किती दिवस?"

"दिवस नाही... वर्षं."

"एकट्याला जमेल?"

"तुला?" ती पहिल्यांदाच तू म्हणाली. "झाडावर रुमाल वाळत घालणाऱ्याला?"

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाहीच."

त्यानं पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. आज ते प्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

लग्न वैशाखात झालं. अजूनही दोघं रोज सकाळी वर जातात, हातात हात घालून त्या दगडापाशी वाकतात आणि बारकाईनं पाहतात. तिथे काहीही उगवलेलं नाही. मुळं त्या रविवारीच सगळी निघाली होती.